अकरा नंबरचा पाय

ती. आईस,

साष्टांग नमस्कार, तोही उभ्यानेच, कारण प्रयोगशाळेतली माझी खुर्ची साहेबांनी पाहुण्यांसाठी पळवली आहे. एवढा अन्याय सोडला तर मी मजेत आहे.

काम तेच. उंदरांच्या पायांना सूज आणायची, निर्गुडीचा अर्क पाजायचा आणि सूज किती उतरली ते मोजायचं. तू तोच पाला वाटून गुडघ्याला बांधायचीस तेव्हा मी हसायचो. आता त्याचाच पगार घेतो.

तू लिहिलंस की मंगळवारी सकाळी तुझ्या उजव्या गुडघ्याची सूज आपोआप उतरली. आमच्या अकरा नंबरच्या उंदराच्या उजव्या पायाची सूजही त्याच सकाळी उतरली. त्याला तर अर्काऐवजी नुसतं पाणी दिलं होतं. गुरुवारी तो पाय पुन्हा सुजला, आणि ताईचा फोन आला की तू जिन्यातच बसून राहिलीस.

मी हे सांगितल्यावर साहेब म्हणाले, "योगायोग हो. प्रयोग संपला, उद्या सगळे उंदीर मारायचे, नियम आहे."

मी मान डोलावली आणि वहीत अकरापुढे 'मृत' लिहिलं. तो माझ्या खोलीत, बुटांच्या खोक्यात आहे. अर्क निमूट पितो.

लहानपणी तापात तू माझे पाय चेपायचीस. आज कामावरून आल्यावर मी त्याचा पाय बोटाने हळूहळू चेपला. सहा वाजले होते. तुला बरं वाटलं का गं?

तुझा,
धाकटा