सरांचा फोटो लॅबबाहेर

प्रिय सर,

आज तुमचा फोटो लॅबमधून बाहेर काढला. मीच सांगावं म्हणून लिहितेय. आणि तुमच्यावर चिडलेय, म्हणूनही.

तुम्ही गेल्यापासून फायबरमधली आपली पल्स टिकतच नाही. माझ्या पीएचडीचं शेवटचं मोजमाप राहिलंय आणि उसना आणलेला लेसर सोमवारी परत जातोय. असं अर्धवट टाकून जायचं असतं का?

पहिल्याच दिवशी तुम्ही समजावलं होतंत. फायबरमधून जाताना प्रकाशाची पल्स पसरते. "पसरणं हा तिचा स्वभावच, माझ्या टेबलासारखा," म्हणाला होतात. पण ती पुरेशी तीव्र असली, की फायबरची काचच तिला आवळून धरते. पसरणं आणि आवळणं बरोबरीला आलं, की पल्स आकार न मोडता पुढे जाते. तो सॉलिटॉन. ऐकायला किती सोपं!

मी पॉवर वाढवली, तर फायबरचं टोक जळलं. नवं कापलं, तेही जळलं. वैतागून टेबलाला लाथ मारली. तुम्ही असतात, तर आधी टेबलाची विचारपूस केली असतीत.

काल लेन्स पुसली, तर कागद पिवळा! उदबत्तीचा धूर लेन्सवर आणि फायबरच्या टोकांवर बसत होता, म्हणूनच ती जळत होती. काकू रोज तुमच्या घरून येताना गंगापूर रोडवरून फुलं घेऊन येतात आणि लेसरच्या मागे, तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावतात. दसऱ्याला तुम्ही यंत्रांना हार घालू द्यायचात, पण उदबत्ती दाराबाहेर. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण काकूंना अडवणार कोण? घरी हे कधी बोलला नव्हतात का?

आज शेवटी मीच सांगितलं. मग काकूंनीच फोटो उतरवला, मला हात लावू दिला नाही. दारात थांबून म्हणाल्या, "म्हणजे आता मी आत यायचं नाही का गं? ते होते तेव्हा कधी बोलावलं नाही त्यांनी."

सर, इतक्या वर्षांत एकदाही नाही? मला फार राग आला तुमचा. त्या रोज का येत होत्या, ते आत्ता कळलं.

तुम्ही सध्या व्हरांड्यात आहात, चपलांच्या रॅकच्या वर. तिथे उदबत्ती चालेल. लेन्स मी स्वच्छ केल्यात. उद्या लेसर लावताना काकूंना आत, संगणकाच्या पडद्यासमोर तुमच्या खुर्चीत बसवणार आहे. पल्स टिकली तर टिकलेली दाखवीन, पसरली तर पसरलेली. पण दाखवीन, हा माझा शब्द.

तुमची, अजून चिडलेली,
मृणाल