तिसरी हाक

१२ मार्च १९६८

आज यांचा तेरावा झाला. माणसं जेवून गेली. मिठागरावर काम परत सुरू झालं म्हणे. होणारच, मीठ कुणासाठी थांबतं?

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. कागदावर घेते — लवू. कोण ऐकतंय?

आधी नाथा गेला, दिवाळीनंतर धाकू, आणि आता लवू. तिघंही एकाच मिठागरावरचे. तिघांचीही डोकी मागून फोडलेली, तिघंही सकाळी खाडीच्या बांधावर सापडले. चोरी नाही, भांडण नाही. मग कशासाठी? विचार करून डोक्याचा भुगा झालाय, पण दुसरं काही सुचतच नाही.

१५ मार्च

फौजदार आले होते. माझ्या सासूने, आयने, त्यांना परत तेच सांगितलं. "भाईरशी कोनी हाक मारली, लवू. मंग परत, लवू. तिसरी मारली तवा तो उठला नि गेला."

आमच्याकडे रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस परत मारतो. म्हणून तिसरीपर्यंत थांबायचं. लवू थांबला होता बिचारा! फौजदार घाटावरचे, हसले. "आजी, भुताची केस आम्ही घेत नाही." आय म्हणाली, "अवो सायेब, भूत न्हाय, त्येच तर सांगतंय." ते त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

आवाज कुणाचा, ते तिला कळलं नाही. एवढंच सांगते, तिसरी हाक मधेच तुटली, आवंढा गिळल्यासारखी. "ल… वू." येईल त्याला तशी करून दाखवते. मला ऐकवत नाही.

९ एप्रिल

स्टेशनजवळ फिरणारा तो वेडा पकडलाय. कबूल झाला म्हणे. "हां, मैंने मारा." सगळं गाव चौकीपुढे जमलं, नाथाच्या बायकोने, शालूने तर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

११ एप्रिल

आता तो म्हणतो, "किसी को नहीं मारा, रोटी दो." यातलं खरं काय धरायचं?

आणि त्याला मराठीचा गंध नाही, आमच्या चालीरीती कुठून ठाऊक असणार? तो तीन हाका कशाला मारेल? म्हणजे मारणारा आमच्यातलाच. हे मनात आल्यापासून विहिरीवर ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत बसते. दोघीतिघींनी विचारलं, आशा, काय झालं गं? काय सांगू, तुमच्या नवऱ्यांचा संशय येतोय म्हणून?

२० जून

मिठागराचे मुकादम बाबुराव आले होते. गेलेले तिघं त्यांच्याच टोळीतले, म्हणून फार मनाला लावून घेतलंय. "वहिनी, लवूला न्याय मिळेपर्यंत मी सोडायचा नाही." कोर्टात, वकिलाकडे मला तेच घेऊन जातात. शिस्तीचा माणूस. मिठागरावर शिट्टी आणि आमच्या दारात कडी. हाका मारून आळी गोळा करायची सवय नाही.

बाबुराव नसते तर मी कधीच हातपाय गाळले असते.

१७ जानेवारी १९७०

वेड्याला कोर्टाने सोडलं. पुरावा नाही. बाबुराव फार चिडले, मला हसावं की रडावं कळेना. आय मात्र म्हणाली, "बरा झाला, गरीब सुटला." लेक तिचा गेला, आणि तिला वेड्याचं वाटतं. ती शहाणी की मी?

२ मार्च १९७१

यांचं तिसरं श्राद्ध. काही शोध नाही.

८ नोव्हेंबर १९७३

नवे फौजदार आलेत, उरणकडचे. सवयीने हाकांचं सांगून टाकलं. ते हसले नाहीत! खुर्ची पुढे ओढली. "नाथाला आणि धाकूलासुद्धा असंच बोलावून नेलं असणार. हे आधी कुणी लिहिलं नाही? सोमवारी आजींना जबानीला घेऊन या."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. संध्याकाळी बाबुरावांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, "म्हातारीला कशाला त्रास? तेव्हा वारा होता वहिनी. इतक्या वर्षांनी हाका कुणाला आठवतात?" मग म्हणाले, "बरं, मीच नेतो तिला."

खरंच वारा होता का? मला आठवत नाही. इतकी वर्षं वाऱ्याच्याच मागे लागले की काय मी?

११ नोव्हेंबर

दुपारी दार लावून आय तांदूळ पाखडत होती. बाहेरून हाक आली. "वहिनी." मी हात पुसत होते. परत, "वहिनी." आणि मग तिसरी.

"वहि… नी."

सुपाचा आवाज थांबला. आय माझ्याकडे बघत राहिली.

फटीतून पाहिलं. बाबुराव होते. आमच्यासाठी नव्या तांदळाची गोण आणली होती. दोन्ही हात त्यात अडकलेले.

मी ओ दिली नाही. त्यांनी थोडं थांबून गोण खाली ठेवली, आणि नेहमीसारखी कडी वाजवली.