मुहूर्त नसलेल्या दिवसांतली घोडी

दादा,

तुमची नात जूनमध्ये शाळेला पुण्याकडे चालली. मुलींची सैनिकी शाळा आहे, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, आणि तिथे घोडे आहेत. घोड्यांसाठीच चाललीय ती, अभ्यासाचं नाव पुढे करते एवढंच. परवा संध्याकाळी मी भेंडी चिरत होते, तर मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, नक्की जाऊ ना?" मी मान वर न करता म्हटलं, "जा की. मी काय तुझे पाय बांधलेत?" तेव्हापासून हे कुणाला तरी सांगायचं होतं. आईला सांगितलं असतं तर तिने डोळ्याला पदर लावला असता, आणि तिच्या रडण्याच्या आडोशाने मीही पोरीला थांबवून टाकलं असतं. म्हणून तुम्हाला लिहितेय. बापाला दादा म्हणणारी घरं आता फारशी राहिली नाहीत, पण मला दुसरं काही म्हणताच येत नाही. पोरीने तुम्हाला फक्त फोटोत पाहिलंय. फोटोतही तुमचं तोंड उघडं आहे. "हे आजोबा कुणाला ओरडतायत गं?" असं ती विचारते.

तिला काय सांगू की तुम्ही ओरडत नव्हता, तुमचं बोलणंच तसं होतं. खालापूरच्या त्या पिठाच्या गिरणीत पट्टा फिरायला लागला की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, त्यामुळे तुम्ही घरी येऊनही मीठ मागायचात ते गाव गोळा होईल अशा आवाजात. काकाचं लग्न आठवतं का? मी सात-आठ वर्षांची आहे. काका मारुतीच्या पाया पडून बाहेर येतो, घोड्यावर बसतो, आणि त्याच्या पुढ्यात आत्याच्या मुलाला बसवतात. माझ्या हातात कऱ्हा देतात आणि मागे उभं करतात. मी भोकाड पसरते. तुम्ही गर्दीतून येता आणि खेकसता, "करवलीनं चालायचं आसतं! गप चाल!" बाजा वाजत असतानाही सगळ्यांना ऐकू जातं आणि सगळे हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं दादा. मग जेवणं उरकल्यावर तुम्ही मला हाताला धरून मांडवामागे नेलंत. तिथे घोडेवाला घोड्याला पाणी पाजत होता. त्याला तुम्ही काय सांगितलंत कोण जाणे, पण मला काखेत धरून उचललंत, वर ठेवलंत, आणि स्वतः लगाम धरून चिंचेभोवती एक फेरी मारलीत. "आयला सांगू नको हां," म्हणालात. तुमचा हळू आवाज मी आयुष्यात तेवढाच ऐकला.

हे मी पोरीला कधी सांगितलं नव्हतं, तरी तिने घोड्याचंच वेड घेतलं. तिच्या बापाचं तुम्हाला ठाऊक नाही, ती तुम्ही गेल्यानंतरची भानगड. तो सुरतेला दुसरा संसार थाटून बसलाय, सुखात आहे म्हणे, असो बापडा. कर्जतला दोन खोल्यांत आम्ही दोघीच. मी रसायनीला कंपनीत पॅकिंगला जाते. येते तेव्हा पोरगी दारात बसलेली असते, आणि मग झोपेपर्यंत तिची टकळी चालू. ती घरी नसली की मला टीव्ही लावावा लागतो. तर एकदा कळंबच्या रस्त्याला एका रिसॉर्टवर तिच्या वाढदिवसाला घेऊन गेले. तिथल्या माणसाने तिला घोड्यावर बसवलं, दोरी धरून एक चक्कर मारली, मी फोटो काढला, त्याने उतरवलं. परत येताना रिक्षात ही गप्प. म्हटलं, "काय झालं गं? एवढा हट्ट केलास ना?" तर म्हणते, "आई, हे नुसतं बसणं झालं. मला चालवायचाय." खालापूरकडे एका फार्मवर रीतसर शिकवतात असं कळलं, तिथे चौकशीला गेलो. तिथल्या बाई गोड बोलल्या, पाणी दिलं, फी सांगितली. मी "विचार करून सांगते" म्हटलं, आणि आम्ही मायलेकी फाटकापर्यंत चालत आलो. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मग आषाढात कंपनीतली एकजण तिच्या भावाच्या लग्नाचं बोलताना म्हणाली, आता तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तच नाहीत बाई. माझी ट्यूब तिथे पेटली. मुहूर्त नाहीत, तर मग नवरदेवाच्या घोड्या इतके महिने करतात काय? विचारत विचारत पळसदरीला पोचले. तिथे एकाकडे एक पांढरी घोडी, दारातल्या गोठ्यात म्हशीशेजारी बांधलेली. घोडेवाला बाजेवर पडला होता. उठलासुद्धा नाही. "मुहूर्त संपलं का ही नुसती खाते न् माशा हाकते," म्हणाला. "तुजी पोर बसली त तिचं पाय तरी मोकळं व्हतील. पन आमी काय शिकवनार नाय हां. आनि पडली त आमाला बोलायचं नाय." असा आमचा क्लास सुरू झाला. दर रविवारी मी पिशवीतून कोंडा आणि चण्याची चुनी न्यायची, पोरीने लीद काढायची, घोडीला खरारा करायचा, आणि मग धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर फिरवायची. पायात शाळेचेच बूट, अंगात जुनी जीन्स. डोक्याच्या बाबतीत मात्र मी काटकसर केली नाही. त्या रिसॉर्टवाल्याच्या मागे लागून एक जुनं, पण न तडकलेलं हेल्मेट मिळवलं आणि आतून फोम शिवून तिच्या मापाचं केलं.

पण लग्नाची घोडी ती लग्नाचीच. तिला एकच चाल ठाऊक, वरातीची. चार पावलं टाकायची आणि फटाके वाजवणाऱ्यांसाठी थांबायचं. मारुतीचं देऊळ आलं की तर खुंटाच मारल्यासारखी उभी, नवरदेव पाया पडून येईपर्यंत हलायची नाही. पोरगी टाचा मारून थकायची. घोडेवाला ओट्यावरून सल्ला द्यायचा तोही नवरदेवाला देतात तसा, "ताट बस! फेटा पडंल!" फेटा कुठला आणि काय! येणारी-जाणारी माणसं दात काढायची. एक म्हातारी म्हणाली, "बाई बाई, नवऱ्याच्या घोडीवर पोर बसवलीव? हिचं लगीन आता घोडीशीच लावा." मी म्हटलं, "माणसाशी लावून मी काय मिळवलं, काकी?" हळूहळू पोरीने घोडीला चालतं केलं, मग दुडक्या चालीवर आणलं. घोडेवाल्याने दोरी सोडली. मी ओट्यावर त्याच्या बायकोशेजारी बसून कोरा चहा प्यायची. ती बाई मोठी बोलकी, स्वतःच्या सुनेपासून सगळ्या गावाचं सांगायची, आणि मी नुसती हं हं करायची. दादा, मला ते रविवार फार आवडायला लागले होते.

गौरी-गणपतीच्या विसर्जनाचा दिवस. पोरगी घोडीवर, मी मागून चालतेय, आणि वळणावरून धरणाकडे निघालेली मिरवणूक आली, पुढे वाजत-गाजत बेंजोपार्टी. घोडीचे कान उभे राहिले. बिचारीला वाटलं असणार, लागला एकदाचा मुहूर्त! तिने जागेवरच नाच धरला, पुढचे पाय उचलून, मान वाकवून, आणि नाचत नाचत थेट गर्दीत शिरली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, गुलाल उधळला, बेंजोवाल्यांना चेव आला. मी "थांबवा, थांबवा" ओरडतेय, पण तुमचा आवाज काही मला मिळालेला नाही, कुणाला ऐकू जातोय! सगळ्या डोक्यांच्या वर मला तिचं हेल्मेट दिसत होतं आणि ते लांब लांब चाललं होतं. माझी चप्पल गेली, ओढणी गेली. आता पडते, आता पडते, म्हणत मी ढकलाढकली करत होते. पडली नाही. तिने लगाम खेचला नाही, घाबरून मान धरली नाही. गर्दीतून घोडीला सावकाश एका बाजूला वळवत तिने मारुतीच्या देवळासमोर नेलं. तिथे ती थांबणारच हे पोरीला ठाऊक होतं. थांबली. बेंजो वाजत पुढे निघून गेला. मी पोचले तेव्हा पोरगी गुलालाने लाल झालेली, घोडीच्या मानेवर हात फिरवत हसत होती. मला म्हणाली, "आई, मला जरासुद्धा भीती नाही वाटली. तू कुठे होतीस?"

"मागेच होते," म्हटलं.

शाळेतल्या तिच्या खेळाच्या बाईंना हे समजलं, आणि त्यांनीच त्या सैनिकी शाळेचं सांगितलं. उत्पन्न बघून फी ठरवतात, घोडेस्वारी सगळ्या मुलींना. फॉर्म मीच भरला, परीक्षेला मीच नेलं, रस्ताभर पाढेही मीच म्हणून घेतले. निकाल लागेपर्यंत रोज देवापुढे हात जोडायची, पण काय मागायचं ते मला सुचत नव्हतं दादा. तिची निवड व्हावी असं तोंडातून निघायचं नाही, आणि होऊ नये असं मागायची लाज वाटायची. नुसतीच उभी राहायची. झाली निवड. पोरीने घोडेवाल्याच्या बायकोला मिठी मारली, घोडीला मारली, म्हशीलासुद्धा मारली.

आज ती मैत्रिणीकडे गेलीय. दुपारची वेळ आहे, टीव्ही लावलेला नाही. हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, तुमच्या गिरणीच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे आणि तुमचा पत्ता तर कुणाकडेच नाही. पण एक गोष्ट राहिली, ती पोरीला सांगितलेली नाही, सांगणारही नाही. काल तिला खोटंच काहीतरी सांगून मी एकटीच पळसदरीला गेले. घोडेवाल्याला विचारलं, पोरगी गेल्यावर रविवारी मी आले तर चालेल का, कोंडा घेऊन येईन. तो बाजेवर उठून बसला. म्हणाला, "लगीनसराई हाय गं. घोडी रविवारी घरी नाय."

म्हटलं, घोडी नसली तरी चालेल.