ताबा दिल्याची वेळ : पाच पंचावन्न

रविवार, १ फेब्रुवारी

मोटरसायकल विकायची, हे आज नक्की झाले. निर्णय दोघांचा. म्हणजे बायकोने घेतला आणि मला पटला. २ मार्चपासून ती पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देणार. त्यासाठी स्कूटर बुक केली आहे. ती २८ तारखेला येईल. इमारतीत आमच्या वाट्याला पार्किंगची जागा एकच, जिन्याखालची. म्हणजे २७ पर्यंत गाडी गेलीच पाहिजे.

लेक म्हणाली, बाबांना जमणार नाही, त्यांचा जीव अडकलाय त्या गाडीत. बारावीतल्या मुलीने असली भाषा वापरावी? गाडी हे यंत्र आहे. चौदा वर्षांचे यंत्र. मी भावनाप्रधान माणूस नाही.

संध्याकाळी गाडी पुसली. विकायच्या वस्तूची निगा राखावी लागते, म्हणून. दोन तास लागले.

सोमवार, २ फेब्रुवारी

विमा कंपनीत एकोणीस वर्षे दावे तपासतोय. लोक कसे फसतात हे मला कुणी शिकवायला नको. नियम केले. एकूण बारा. कामाचे तेवढे इथे :

क्र. १ : ओळखपत्र पाहिल्याशिवाय गाडी दाखवायची नाही.

क्र. ४ : चक्कर मारायला गाडी देताना घेणाऱ्याची एखादी मोलाची वस्तू तारण ठेवून घ्यायची.

क्र. ५ : टाकीत पेट्रोल अगदी बेताचे ठेवायचे, म्हणजे चोर लांब जाणार नाही. (हा माझा स्वतःचा.)

क्र. ९ : पैसे आपल्या खात्यात आलेले आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किल्ली नाही. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

क्र. १२ : पावतीवर ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या. त्या मिनिटानंतर गाडीने जे काही उपद्व्याप केले, ते घेणाऱ्याचे.

मेव्हण्याला फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, दाजी, गाडी विकताय की किल्ला? हसलो. पण मनापासून नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

जाहिरात टाकली. मजकूर मेव्हण्याचा : सिंगल हँड, टकाटक कंडिशन. 'सिंगल हँड' लिहिताना माझाच हात अडखळला. मागे एकदा माझा पाय मुरगळला होता तेव्हा याच मेव्हण्याने गाडी तीन दिवस वापरली होती. मग ती एकहाती कशी? 'दीडहाती' लिहिले. 'टकाटक' खोडून 'वयाच्या मानाने बरी' केले.

बायकोने वाचले आणि विचारले, अरे, दीडहाती म्हणजे काय? हात मोडलेल्या माणसाने चालवलीय का?

लेकीने शेवटी एक ओळ सुचवली : गाडी चालू आहे, मालक चालू नाही. कोटी बरी आहे. पण लोक नेमकी उलट समजूत करून घेतील. नाही घातली.

रविवार, ८ फेब्रुवारी

फोन शून्य. 'दीडहाती' काढून 'मुख्यतः एकहाती' केले. सत्याला फारसा धक्का लागत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पहिले गिऱ्हाईक. मिशीवाला. बँकेसमोर, कॅमेऱ्याखाली भेटलो (नियम क्र. २). गाडीतले सतरा दोष कागदावर काढून नेले होते. ते वाचून दाखवले. सातव्याला त्याने विचारले, साहेब, गाडी विकायचीच आहे ना? अकराव्याला त्याला फोन आला. तो बोलत बोलत बाजूला गेला, तो गेलाच.

दुपारी त्याचा मेसेज : इतकं खरं बोलणारा माणूस आयुष्यात पाहिला नाही, म्हणून भीती वाटली.

याला मी प्रशस्तिपत्र समजतो.

तरीही एक प्रश्न स्वतःला विचारला. दोष वाचताना माझ्या आवाजात समाधान होते का? बायकोलाही विचारले. ती म्हणाली, समाधान? गुणपत्रिका वाचल्यासारखा वाचतोस.

शनिवार, १४ फेब्रुवारी

एकाचा फोन. गाडी न बघताच पैसे पाठवतो म्हणाला, फक्त मोबाईलवर आलेला कोड सांगा. ठग. ओळखला. मग मीच त्याची चौकशी सुरू केली. पूर्ण नाव, पत्ता, शिक्षण, घरी कोण कोण, या धंद्यात कधीपासून. पंचवीस मिनिटांनी तोच गयावया करून म्हणाला, काका, सोडा मला.

आत्मविश्वास वाढला आहे.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आठ दिवस राहिले. बायकोने जिन्याखाली खडूने स्कूटरची जागा आखली. मोटरसायकल त्या चौकोनात अर्धी येते. मी फडके आणले. गाडी पुसली.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला एक प्लंबर घरी आला, सोबत त्याचे सासरे. (रविवारी बँक बंद, म्हणून नियम क्र. २ ला अपवाद.) मला काका म्हणाला. त्याचे वय माझ्याहून फार तर दहा वर्षांनी कमी असेल. सोडून दिले. ओळखपत्रे तीन दाखवली. चक्कर मारतो म्हणाला. मी तारण मागितले. त्याने मोबाईल दिला. काच तडकलेली. मोलाची वस्तू म्हणता येईना. तेव्हा त्याने सासऱ्यांनाच पुढे केले. म्हणाला, यांच्याहून मोलाचं माझ्याकडे काही नाही, यांना हरवून गेलो तर बायको घरात घेणार नाही.

नियमात 'वस्तू' असा शब्द आहे. सासरे वस्तू ठरतात का? हा विचार होईपर्यंत तो गाडी घेऊन गेलासुद्धा. मोबाईल माझ्याकडेच राहिला. दुहेरी खबरदारी.

१०:४५. सासरेबुवा खुर्चीत. निवृत्त बसचालक. दोषांची यादी त्यांनी दोनदा वाचायला लावली. म्हणाले, छान वाटतं हो ऐकायला, आमचा जावई काहीच सांगत नाही.

११:२०. जावयाचा पत्ता नाही. मी सहज विचारले, जावई तसे भरवशाचे ना? सासरेबुवा म्हणाले, लग्नात मीही हेच विचारत फिरत होतो.

११:५०. त्यांचा दुसरा चहा. बायकोने त्यांचा गुडघा तपासून व्यायाम शिकवला. लेक म्हणाली, बाबा, गाडी गेली, पण आजोबा मिळाले.

१२:१०. प्लंबर आला. गाडी ढकलत. पेट्रोल तीन किलोमीटरवर संपले, मोबाईल माझ्या खिशात आणि पाकीट सासऱ्यांच्या पिशवीत. नियम क्र. ५ उत्तम काम करतो हे सिद्ध झाले. तो चोर असता तर नक्की सापडला असता.

तो चिडेल असे वाटले होते. घाम पुसत म्हणाला, काका, तीन किलोमीटर ढकलली, चाकं एकदम मोकळी आहेत. घेतो.

जाण्याआधी त्याने स्वयंपाकघरातला गळका नळही दुरुस्त केला. तो चार महिने गळत होता. बायको माझ्याकडे बघत होती.

बुधवार, २५ फेब्रुवारी

प्लंबरला फोन करून विचारले, विचार बदलला का? बदलला असेल तर संकोच करू नका. नाही बदलला, म्हणाला. पुन्हा विचारले. ही त्याच्या भल्यासाठीची काळजी. बायकोने फोन हातातून काढून घेतला आणि त्याला म्हणाली, दादा, शुक्रवारी नक्की या, यांच्याकडे लक्ष देऊ नका.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

व्यवहार झाला. निर्दोष. दुपारी पैसे खात्यात आलेले दोनदा पाहिले. मालकी बदलाचे अर्ज भरले, सह्या झाल्या. सोबत दिलेल्या वस्तूंची यादी : १) गाडी, २) किल्ल्या दोन, ३) हेल्मेट दोन.

पावतीवर वेळ ५:५५ अशी आधीच लिहिली होती. सह्या ५:५२ ला आटोपल्या. तीन मिनिटे आम्ही सगळे, सोबत आलेले सासरेबुवासुद्धा, जिन्याखाली घड्याळाकडे बघत उभे राहिलो. ५:५५ ला किल्ली दिली.

मग एक तांत्रिक बाब आठवली. दोष क्र. १४, तिसऱ्या गिअरची खरखर. ती अजून आहे की गेली, हे तपासणे घेणाऱ्याच्याच हिताचे. म्हणून म्हणालो, एक फेरी मारून बघतो. प्लंबर म्हणाला, मारा की काका, पण तारण काय ठेवता? नियम तुमचाच. बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, मला ठेवू नकोस, मला कामं आहेत. शेवटी सासरेबुवा म्हणाले, मीच मागे बसतो, पळवून नेली तर मी ओरडेन.

हेल्मेट यादीत क्र. ३ वर होती. सही झाल्यावर ती परक्याची. परक्याची वस्तू न विचारता डोक्यावर घालणे मला प्रशस्त वाटले नाही.

पुलापर्यंत जाऊन आलो. पाच मिनिटांचे काम. खरखर आढळली नाही. आल्यावर पाहतो तर चहा गार आणि प्लंबर पायरीवर बसून जांभया देत होता. लोकांना धीर म्हणून नाही.

गाडी गेली. मन अगदी स्वच्छ. म्हटले ना, यंत्र आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी

स्कूटर आली. खडूच्या चौकोनात चपखल बसली. बायको खूश. मीही खूश. सवयीने फडके घेऊन खाली गेलो होतो. स्कूटर पुसली. पाच मिनिटांत झाली. फारसे काही नाहीच पुसण्यासारखे.

मंगळवार, ३ मार्च, सकाळी ९:४०

नियम क्र. १२ चा विजय!

वाहतूक शाखेचा संदेश. कागदोपत्री गाडी अजून माझ्या नावावर, म्हणून मला आला. चालवणारा आणि मागे बसलेला, दोघेही विनाहेल्मेट. दंड. तारीख २७ फेब्रुवारी, वेळ ६:२२. ताबा ५:५५! सत्तावीस मिनिटांत पठ्ठ्याने नियम मोडला. आणि मी यादी करून दोन हेल्मेट दिली होती!

पावतीचा फोटो आणि दंडाचा संदेश प्लंबरला पाठवला. खाली लिहिले : ताबा ५:५५, गुन्हा ६:२२. जबाबदारी आपली. सोबत जबाबदार नागरिकत्वावर चार ओळी. फार कडक झाले का? नाही. स्पष्ट झाले. संदेशात गुन्ह्याचा फोटो बघायची लिंक आहे. उघडायची गरज वाटली नाही. वेळच पुरेशी बोलकी आहे.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात चौघांना नियम क्र. १२ समजावून सांगितला. दोघांनी लिहून घेतला.

संध्याकाळी ७

प्लंबरचे उत्तर आले. भरतो काका, पावतीवर माझी सही आहे. पण फोटो एकदा बघाच. सासरे म्हणतात, फ्रेम करायचा.

लेकीने लॅपटॉपवर उघडला. मोठा करून.

पूल. पुढे मी. माझे सगळे दात दिसत आहेत. मागे सासरेबुवा, दोन्ही हात पाखरासारखे पसरून. डोळे मिटलेले. त्यांचे. माझेही, जवळजवळ.

लेक जमिनीवर बसून हसत होती. बायकोला हसू आवरेना. मग डोळे पुसत म्हणाली, अरे, चौदा वर्षांत तुझा इतका छान फोटो कुणी काढला नव्हता.

नकाशात पाहिले. पूल इथून अकरा किलोमीटर आहे. पाच मिनिटांत होत नाही.

दंड मी भरला. दोघांचाही. प्लंबरची माफी मागितली. तो म्हणाला, काका, रविवारी या, फेरी मारायला, हेल्मेट मी देतो. तारण म्हणून काकूंच्या हातचा चहा चालेल.

ऑफिसातल्या त्या दोघांना उद्या काय सांगायचे, याचा विचार करतो आहे.

फोटो जपून ठेवला. केवळ पुरावा म्हणून.