ठिपक्यांतला आठ

ता. ९ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मग हळूच बातमी सांगायची, असं ठरवून बसलो होतो. पण जमत नाही. मामा, मी लेखी परीक्षा पास झालो! हवाई दलाच्या अधिकारी भरतीची, तीच, जिने मला तीनदा उंबऱ्यावरून परत पाठवलं. कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात पंपाचा नकाशा काढत होतो, तेव्हा फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाकीट आणून दिलं. मी उघडलं, वाचलं, घडी घातली आणि पुन्हा नकाशा काढायला लागलो. दहा मिनिटांनी साहेबांनी विचारलं की हा पंप पाणी वर चढवणार आहे की जमिनीत घालणार आहे. सगळे बाण उलटे काढले होते.

आता पुढच्या महिन्यात निवड मंडळापुढे पाच दिवस, आणि त्यातून निभावलो तर वैद्यकीय तपासणी. वयाच्या अटीत बसण्याची ही शेवटची वेळ. जूननंतर मी त्यांच्या लेखी म्हातारा.

चार वर्षं दर आठवड्याला तुम्ही पोस्टाने गणितं पाठवलीत. कधी कधी तर गणितं सोडवण्यापेक्षा तुमचं अक्षर लावायलाच जास्त वेळ लागायचा. या पेपरात वेगाचं जे गणित आलं ते तुमच्या आगगाड्यांच्या गणिताचंच भावंड होतं. आई म्हणते की अर्धे गुण मामाचे. अर्धे देत नाही, पण चौथाई घ्या.

आईने माझ्यासाठी कोट शिवायला घेतलाय आणि माझे हात गुडघ्यापर्यंत येतात म्हणून कापड पुरत नाही अशी तिची तक्रार आहे. तपासणीची मला काळजी नाही. उंची आहे, छाती फुगते, आणि डोळ्यांवर तर तुमच्यासारख्या जाणकाराने शिक्का मारलाय.

गुडघा कसा आहे ते कळवा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमचा
बगळ्या

---

ता. १७ जानेवारी

चि. बगळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं. मी चष्म्याची काच घासायच्या चाकावर होतो. मालकांनी वाचून दाखवू का असं विचारलं, मी नको म्हटलं आणि मागच्या खोलीत जाऊन तीनदा वाचलं. एका गिऱ्हाइकाची काच त्या नादात जास्त घासली गेली, ती आता पुन्हा करायची. तुझ्यापायी एक माणूस दोन दिवस आंधळी कोशिंबीर खेळतोय.

शाब्बास. याहून मोठा शब्द मला सुचत नाही. भाऊजी असते तर त्यांनी सायकल पुसायला घेतली असती. आनंद झाला की ते तेच करायचे.

एक विचारतो. तुमच्या फॉर्मवर दुसऱ्या पसंतीच्या शाखेचा एक रकाना असतो ना? तांत्रिक शाखा तर आहेच, पण त्या रकान्यात प्रशासन शाखा लिहून ठेवता येत असेल तर बघ. माणसाने एकाच खुंटीला सगळे कपडे टांगू नयेत. खुर्चीत बसणाराही अधिकारीच असतो, गणवेश तोच असतो. आणि ती वैद्यकीय तपासणी फार कडक असते का? कशाकशाची करतात, काही ऐकलंस का?

उगाच विचारतोय. म्हाताऱ्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. गुडघा बरा आहे. जिना चढताना तो आधी बोलतो, मग मी. ताईला सांग की कोटाच्या बाह्या लांब ठेव, मुलगा अजून वाढेल.

तुझाच
मामा

---

ता. ६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बसा आधी. बसलात? माझी निवड झाली.

पहिल्या दिवशी आम्ही एकशे बारा जण होतो. सकाळी एक धूसर चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगितली, मग गोल बसवून वाद घालायला लावला. माझ्या गटात एक जण असा ओरडत होता की जणू मासळीबाजारात उभा आहे. दुपारी यादी वाचली आणि ऐंशी जणांनी बॅगा उचलल्या. पुढचे चार दिवस दोर, फळ्या, ड्रम, आणि एकामागून एक प्रश्न. मुलाखतीत एका अधिकाऱ्याने विचारलं की तीनदा नापास झाल्यावर चौथ्यांदा का आलास. मी सांगितलं की वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि यंत्र सुरू झाल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत. त्यांनी पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी सात नंबर पुकारले. त्यात माझा होता. छातीवर अडकवलेला तो कापडी नंबर परत द्यायचा असतो, मला द्यावासा वाटेना.

तुमचा रकाना मी विसरलो नव्हतो. पहिल्याच दिवशी कारकुनाने विचारलंही होतं की दुसरी पसंती कुणाला भरायची आहे का, ही शेवटची वेळ. मी हात वर केला नाही. रागावू नका. विमानाच्या पोटात हात घालायची आस धरून चार वर्षं काढली, आता फायलींच्या पोटात कशाला घालू? पुढच्या बुधवारी लष्करी रुग्णालयात तपासणी आहे. तेवढी उरकली की गणवेशाचं माप द्यायला आईकडेच जाणार.

तुमचा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो काढून घेऊ नका.

तुमचा
बगळ्या

---

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुला दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तू आजारी आहेस का? असलास तर कळव, आणि नसलास तर निघून ये.

त्याला तपासणीत काढून टाकलं. उंची, छाती, कान, हृदय, सगळं उत्तम. डोळ्यांनी दूरचं सगळं दिसतं. पण रंगीत ठिपक्यांचं कसलंसं पुस्तक दाखवलं, त्यातले आकडे त्याला धड वाचता आले नाहीत. लाल आणि हिरवा त्याला वेगळा कळत नाही म्हणे. तांत्रिक शाखेला ते मुळीच चालत नाही, तारांचे रंग ओळखावे लागतात. वरच्या डॉक्टरांकडे दाद मागितली, त्यांनी पुन्हा तपासून तेच सांगितलं. वर म्हणाले की प्रशासन शाखेत या डोळ्यांना हरकत नव्हती, दुसरी पसंती का भरली नाहीस. आता ती वेळ गेली, आणि पुढच्या भरतीपर्यंत वयही जाईल.

तो आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडला आहे. जेवायला बोलावलं की उठतो, जेवतो, ताट घासून ठेवतो आणि पुन्हा जाऊन पडतो. भांडला असता तर बरं झालं असतं.

धाकट्या, डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हा दोष आईकडून येतो. आईला स्वतःला काही होत नाही, पण ती मुलाला देते. त्याने मला हे सांगितलं नाही, कागदावर लिहिलं होतं ते मी वाचलं. म्हणजे मीच दिलं. लहानपणी मी हिरवा दोरा मागितला की हा तपकिरी घेऊन यायचा, आणि मी त्याला वेंधळा म्हणून टपली मारायचे. आयुष्यभर दोऱ्यांत बसलेली बाई मी, मला कळू नये? आपल्या माहेरी कुणाला असं होतं का रे? आप्पांना तर नव्हतं. मला रोज वाटतं की याचे बाबा असते तर त्यांना मी काय तोंड दाखवलं असतं.

तू तर त्याचे डोळे तपासले होतेस. मग ते ठिपके तुमच्या दुकानात नसतात का?

ये बाबा. माझ्याने हे एकटीने ओढवत नाही.

तुझी
ताई

---

ता. ८ मार्च

चि. बगळ्यास,
आशीर्वाद लिहायचा मला हक्क आहे की नाही ते पत्र वाचून ठरव. आणि वाचून झालं की ताईला मोठ्याने वाचून दाखव, एक ओळ न गाळता.

ते पुस्तक आमच्या दुकानात असतं. नजर मोजायच्या खोलीत, डाव्या खणात. चार वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा मी ते काढलं होतं. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, तुलाही दिसलं. दुसऱ्या पानावर तू तीन म्हणालास. तिथे आठ आहे. मला ते कसं माहीत? मागे उत्तरांची यादी असते म्हणून. मलाही तिथे तीनच दिसतो.

होय, मला आहे. सतराव्या वर्षी कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. ताई मला कच्चे टोमॅटो आणले म्हणून हसायची, मीही हसायचो. रंगीत काचांचं काम आलं की मी ते शेजारच्या चाकावर सरकवतो. हे आमच्या आईकडून, म्हणजे तुझ्या आजीकडून, आम्हा दोघांकडे आलं. माझ्यात ते दिसलं, ताईमध्ये ते न दिसता राहिलं. तिचा यात काडीचा दोष नाही. ती जे स्वतःला लावून घेत आहे, ते माझं आहे.

मी पुस्तक मिटलं आणि डोळे ठणठणीत आहेत असं तुला सांगितलं. का, ते सांगतो, पण ते कारण म्हणून धरू नकोस. भाऊजी जाऊन सव्वा महिना झाला होता. तू कुणाशी धड बोलत नव्हतास. त्या दिवशी भरतीचं पत्रक हातात घेऊन तू स्वतःहून दुकानात आलास आणि अर्धा तास बोलत राहिलास. त्या चेहऱ्यावर मला पाणी ओतवेना. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं.

पुढची गोष्ट याहून वाईट आहे. मला वाटलं होतं, परीक्षा अवघड आहे, एकदोनदा नापास होशील आणि आपोआप नाद सोडशील, मग मला सांगावंच लागणार नाही. आणि त्याच हाताने मी तुला दर आठवड्याला गणितं पाठवत होतो. तू नापास झालास की मला वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही वाटायचं. दोन्ही खरं आहे. जानेवारीत तरी सरळ लिहायचं, तेव्हाही खुंट्या आणि कपडे करत बसलो. एक वाक्य लिहिलं असतं तर तू तो रकाना भरला असतास.

ताईची पत्रं मिळाली होती. मी आजारी नव्हतो. भित्रा होतो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

मामा

---

ता. ११ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दोन महिने झाले. मी कारखान्यात परत रुजू झालो आहे. साहेबांनी नवीन नकाशा पुढ्यात ठेवला. भरतीच्या कचेरीत अंतिम यादी लागली, तिथे जाऊन पाहून आलो. नसणार हे माहीत असूनही तीनदा वाचली. त्या ओरडणाऱ्याचा नंबर आहे.

पत्र मी आईला त्याच दिवशी वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली की पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचल्यावर उठून मशीनवर बसली आणि संध्याकाळपर्यंत शिवत राहिली.

मला तुमच्यावर ओरडायचं होतं. पाच पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात एका जागी येऊन अडत होतो. ते आता लिहितो. तुम्ही पुस्तक मिटलंत तेव्हा मी तुमचा चेहरा पाहिला होता. बाकीची पानं का दाखवत नाही, असं मी विचारलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विजेच्या बारक्या भागांवरच्या रंगीत पट्ट्या माझा जोडीदार वाचायचा आणि मी फक्त आकडे लिहायचो, तीन वर्षं. भरतीच्या शिकवणीच्या सरांनी सगळ्यांना डॉक्टरकडून डोळे तपासून आणायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो की माझा मामाच त्या धंद्यात आहे. तुमच्या नावाआड मी लपलो होतो, मामा. एकदा दुसऱ्या कुणाकडे गेलो असतो तर दहा मिनिटांत कळलं असतं. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

म्हणून माझा वाटा माझ्याकडे. पण तुमचा वाटा मी उचलणार नाही. तुम्ही मोठे होता आणि तुम्हाला आकडा माहीत होता. माफ केलं असं लिहून टाकावं, म्हणजे पत्र नीट संपेल, असं वाटतं. पण ते अजून खरं नाही, आणि आपल्या घरात आता न झालेलं झालं म्हणून सांगायला नको.

सकाळी सायरन वाजायच्या आधी मी कारखान्यात पोचतो. पूर्वी तो वेळ अभ्यासाचा होता. आता नुसता बाकावर बसतो. कारखान्यावरून रोज सव्वासात वाजता एक विमान जातं. मान वर जाते अजून. लाज वाटते, पण जाते.

गणितं पाठवू नका. पत्र पाठवलंत तर वाचेन. उत्तराची खात्री देत नाही. खाली आई दोन ओळी लिहिते आहे.

बगळ्या

ता. क.
धाकट्या, मुलगा स्वतःवर अर्धं घेऊन बसला आहे. मी तुला तेवढंही देणार नाही. चार वर्षं मी त्याला पहाटे उठवत होते, थंडीत, तापात, आणि तुला माहीत होतं की हे कुठे जाऊन थांबणार. कच्च्या टोमॅटोंना मी हसायचे तेव्हाच तू सांगितलं असतंस तरी मी कुणाला बोलले नसते. माझ्यापासून काय लपवायचं होतं रे? उन्हाळ्यात नेहमीसारखा येशील म्हणून आधीच लिहिते, येऊ नकोस. येण्यासारखं झालं की मीच कळवीन. गुडघ्याला शेक देत जा. लोभ तुटलेला नाही, तुटला असता तर एवढा राग आला नसता.

ताई