लोखंडाची ओळ अर्धी हाय

सृष्टे, तू भिंतीवर लिहून ठेवून गेलीस आणि आता गुरुशांत रंगवाल्याची बोलणी मी खातेय. स्वयंपाकघर चुन्यानं पांढरंफेक झालं, तुझ्या कोळशाच्या आकड्यांचा तुकडा तेवढा मी पुसू दिला न्हाय. म्हणतोय कसा, "आज्जी, भिंतीला गजकर्ण झाल्यागत दिसतंय." मी म्हणले, "दिसू दे. भिंत माझी हाय का तुझ्या बापाची?" तर बादली आपटून गेला मुडदा.

आता तारीख घालते. सोलापूर, मंगळवार, दसरा होऊन आठवडा झाला. चि. सृष्टीस आज्जीचा आशीर्वाद. मी बरी हाय. गुडघे दुखायचे तसे दुखतात. शेळी व्याली, दोन करडं हायेत. तुझी आई कशी हाय? नवं घर मानवलं का तिला? सयाजीरावांना सांग, टेंभुर्णीच्या हायवेवर गाडी दमानं चालवा. रस्त्यानं माझा भारत नेला, तुझा बाप. तेवढं बास झालं.

तर ती भिंत. परीक्षेत तू लोखंड तापायला किती उष्णता लागती त्याचा आकडा एका मापाचा लिहिलास आणि नाव दुसऱ्याच मापाचं घातलंस. मास्तरनं मार्क कापले. तू चुलीपुढं रडत बसलीस, "आज्जी, आकडा बरोबर हुता की!" मी म्हणले, आकड्याला काय चाटायचंय? गावाकडं मी जवारी मापटं शीग लावून, वर ढीग ठेवून द्यायची, हितं बाजारात सपाट मापायचे. मापटं किती झालं म्हणून कुणी विचारलं, तर आदी विचारायचं, बाबा, शीग का सपाट? मापटी कमीजास्त भरतील, पोत्यातली जवारी तेवढीच राहती.

तवा डोळे पुसलेस आणि चुलीतला कोळसा उचललास. पाणी एक, म्हणजे कॅलरीच्या मापानं. ज्यूलच्या मापानं तेच पाणी चार हजार एकशे शहाऐंशी. मला म्हणलीस, "लोखंडाचा आकडा बारका, म्हणून तवा लगेच तापतो, पाण्याला येळ लागतो." मी म्हणले, हे सांगायला कॉलेजात फी भरली व्हय? लई हसलीस. मग लोखंड लिहिलंस, शून्य टिंब अकरा, पुढं गुणिले घातलंस, आणि तितंच थांबलीस. बाहेर रिक्षा आलती. तुझी आई विजयमाला हाका मारत हुती.

मी गुणाकार करून बघितला. टिंब कुटं द्यायचं ते कळंना. तीन येळा केला आणि तीन उत्तरं आली. सोडून दिला.

दर रविवारी तुझ्या आईचा फोन येतो. "सृष्टी कुटं हाय?" म्हणलं की, "अभ्यासाला बसलीय." बरोबर फोनच्या टायमालाच अभ्यास येतो व्हय तुला? मागच्या रविवारी पाठीमागं तुझं खोकणं ऐकू आलं. आल्याचा काढा घे. सर्दी तुझ्या छातीत उतरती, हे तितल्या माणसांना ठाऊक नसंल.

रिक्षात बसताना म्हणलीस, "आज्जी, तूच घालवलंस आमाला." मी भांडी घासत हुते. ऐकलं मी. वर बघितलं न्हाय, कारण बघितलं असतं तर रिक्षा गेली नसती.

व्हय, तुझ्या आईला लग्न कर म्हणणारी मीच. चाळिशीच्या आतली बाई, सासूचे पाय चेपत म्हातारी व्हायची का? सयाजीरावांचं स्थळ मीच आणलं. परत तीच येळ आली तर परत तेच करीन. पण तवा तुझी आई जाणार एवढंच मी धरलं हुतं. तू बरोबर जाशील हे डोक्यातच आलं न्हाय. पोर आईसंगं जाणार न्हाय तर कुटं जाणार? शेंबड्या पोराला कळंल असलं. मला कळलं न्हाय. तू माझीच हायेस असं धरून चालले हुते बघ.

अजून सकाळी भाकरी तिघींच्या होतात. हाताला सवय. दोघींच्या शेळीला जातात. शेळी माजलीय.

दिवाळीची सुट्टी लागंल. एसटी थेट हितं येती. यायचं असंल तर ये, चार दिवस ऱ्हा, नंतर जा. यायचं नसंल तर तसं लिही. मला दोन्ही चालंल.

न्हाय चालणार. पण लिही.

तितं सयाजीरावांना बाबा म्हणायचं का काका, ते तू ठरव. त्यावरनं मी रुसणार न्हाय. आज्जी म्हणून मात्र मी एकटीच हाय, दुसरी करू नगंस.

तुझी,
मायाक्का

ह्याचं उत्तर तुझ्या आईनं फोनवरनं द्यायचं न्हाय. सयाजीरावांनी निरोप धाडायचा न्हाय. तू द्यायचं. तुझ्या हातानं.