शपथेचा संडास

३ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. काल माळावर सुगीचा सण झाला. मधाच्या दारूचं शिंग फिरत फिरत माझ्याकडे आलं आणि मी उभा राहून शपथ घेतली: हिवाळ्याच्या सणाआधी माळावर संडास बांधून देईन. एकट्याने. शिंगावरची शपथ मोडली तर सगळ्या मंडळाचं नशीब बिघडतं, म्हणून आमच्यात लोक शक्यतो 'गोड कमी खाईन' एवढ्यावरच थांबतात.

माळ आम्हा पेगन, म्हणजे जुन्या निसर्गदेवतांना मानणाऱ्या लोकांचा, खोऱ्यातल्या तीन मंडळांनी मिळून घेतलेला. शेड झाली, पाण्याची टाकी झाली, सगळं श्रमदानातून. संडासाला मात्र अजून झाडामागे. बेरिलचा खुबा बदललाय. गेल्या वर्षी म्हणाली, झाडामागे बसेन रे, पण उठवायला क्रेन आणा. तेव्हापासून येतच नाही. जिने मंडळ सुरू केलं तीच घरी. मला ते बघवत नाही. बाकीच्यांना कसं बघवतं कोण जाणे.

१७ फेब्रुवारी

सामान माझ्या परसात आलं; इथे बांधून मग माळावर न्यायचं. क्रेगने सायप्रस झाडाच्या चांगल्या जुन्या फळ्या आणल्या (सणाला तो थॉरवाल्ड नाव घेतो, एरवी प्लंबर). टॅम्सिनने स्वतःच्या घरची खिडकी दिली. कोणी पत्रे, कोणी बिजागऱ्या. श्रमदानाचं सगळं टॅम्सिन बघते. म्हणाली, रविवारी आठदहा जण येतो, दोन रविवारांत उभा राहील. मी नको म्हटलं. शपथ माझी आहे. ती नुसतं 'बरं' म्हणाली. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही.

सुरुवात वाढत्या चंद्रावरच करायची. मी फोनमध्ये बघणाऱ्यांतला नाही, आकाश वाचतो. पुस्तकात चित्र आहे: उजवी बाजू उजळलेली तर वाढता, डावी उजळलेली तर उतरता. आज डावी. काम बंद. नाइलाज.

३ मार्च, पहाटे

लघवीला उठलो. उजवी बाजू उजळलेली. अखेर वाढता चंद्र. आजपासून कामाला.

दुपारी: एकदम संडासाला हात घालणं बरं नाही, आधी हात बसला पाहिजे. विल्मा वर्षभर खुराड्यासाठी मागे लागली आहे (ही माझी बायको; आमच्या सगळ्या सणांना ती 'तुमचं भूतखेत' म्हणते). सरावाला खुराडं. फळ्या मंडळाच्याच, पण उसन्या. मनात तसं स्पष्ट म्हटलं आहे.

८ मार्च

खुराडं झालं. देखणं. माणूस उभा राहील एवढं उंच, कारण फळ्या कापायचा कंटाळा आला. कोंबड्यांना चढायचा उतारही त्याच कारणाने रुंद. बसायला आत जाड दांडे. टॅम्सिनची खिडकी शोभून दिसते. उरलेल्या फळ्यांकडे बघितलं नाही, उगाच मन खट्टू होतं.

एक कळत नाही. वाढता चंद्र रोज बारीक होतोय. धुकं असावं.

१४ एप्रिल

उतरता चंद्र, त्यामुळे विश्रांती.

बेरिलचा फोन. म्हणाली, माझं सिंहासन कुठवर आलं रे. थट्टेतच सुरुवात केली, मग आवाज बदलला. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा आल्फ गेला. पितरांच्या रात्री पहिल्या वर्षी आपल्या माणसाला आपणच शेकोटीपुढे हाक मारायची असते. पितरांची रात्र या महिनाअखेरीला. तोवर होईल ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी म्हणालो, दरवाजाच काय तो राहिलाय. का म्हणालो माहीत नाही. दार खुराड्याचंही राहिलं आहे, म्हणजे अगदीच खोटं नव्हे.

संध्याकाळी तिने क्विन्स फळाचा जॅम पाठवला. वर चिठ्ठी: कामाच्या माणसाला.

१ मे

काल पितरांची रात्र झाली. बेरिल आली नाही. टॅम्सिनने तिच्या वतीने आल्फचं नाव घेतलं, आम्ही सगळ्यांनी हाक दिली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. क्रेगने विचारलं, डोळ्यांना काय झालं. म्हटलं, धूर.

जॅमची बाटली कपाटात पार मागे ठेवली आहे. समोर असली की ती चिठ्ठी दिसते.

उद्यापासून खरंच. चंद्रही उजवीकडून उजळलेला आहे, सबब नाही. कंबर मात्र दुखते.

१९ मे

टॅम्सिन अचानक आली. परसात डोकावू नये म्हणून स्वयंपाकघरातच बसवलं. टेबलावरचं पुस्तक चाळलं तिने आणि म्हणाली, लिंडसे, हे इंग्लंडचं आहे. तिकडून चंद्र उलटा दिसतो. आपल्याकडे, दक्षिण गोलार्धात, डावी बाजू उजळली की वाढता, शेंबड्या पोरालाही कळतं. अख्खे सण सहा महिने पुढे सरकवून घेतलेत आपण, आणि तू चंद्र तसाच ठेवलास? म्हणजे वाढत्यावर झोपलास आणि उतरत्यावर बांधलंस.

ती हसत होती, मीही हसलो. मग म्हणाली, दाखव तरी. म्हटलं, वार्निश ओलं आहे.

चूक पुस्तकाची होती हे कळल्यावर बरं वाटलं. चहा संपेपर्यंत वाटलं.

२० जून

सकाळी दारात ट्रेलर. टॅम्सिन, क्रेग आणि आणखी काही जण. उद्या हिवाळ्याचा सण, बेरिल येणार, संडास न्यायला आलो म्हणाले. मी फाटकाशी उभा राहून पाऊस, कंबर, चंद्र असं सांगत होतो. तेवढ्यात विल्माने बाजूचं फाटक उघडलं. म्हणाली, तो काय, न्या. कोंबड्या तेवढ्या बाहेर काढते.

सगळे खुराड्याभोवती जमले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. क्रेगने आपल्या फळ्यांवरून हात फिरवला. टॅम्सिन आपल्या खिडकीतून आत बघत राहिली. मग म्हणाली, उतार रुंद आहे, वॉकर चढेल. क्रेग म्हणाला, दांडे धरून उठताही येईल. त्याने बैठकीची फळी ठोकली, भोक पाडलं, खाली बादली ठेवली, दार लावलं. बाकीच्यांनी आत पाणी मारलं. मला ब्रश दिला. मी मान खाली घालून घासत होतो.

२२ जून

काल बेरिल माळावर आली. वॉकर घेऊन आधी सिंहासनाकडेच गेली. बाहेर आली ती हातात अंडं घेऊन. कोपऱ्यातलं राहून गेलं होतं. म्हणाली, सोय उत्तम, वर नाश्ताही. सगळे हसले. मग माझ्याजवळ आली आणि अंडं माझ्या हातावर ठेवून हळूच म्हणाली, विल्मा अंडी द्यायला आली होती ना मार्चमध्ये, तेव्हाच खुराड्याचं कळलं मला. म्हटलं, तू आपणहून सांगशील.

शेकोटीपुढे तिने आल्फला हाक मारली. पितरांची रात्र कधीच उलटून गेली होती. तरी मारली. सगळ्यांनी साथ दिली. मला आवाजच फुटला नाही.

मग शिंग फिरलं. मी नवी शपथ तयार ठेवली होती, चांगली होती. माझ्याकडे शिंग आलं तसा बेरिलने त्याच्या तोंडावर तळवा ठेवला. म्हणाली, तू शपथ नको घेऊस, बाळा. तू नुसतं पी. आणि ती बादली रिकामी करत जा.

आज सकाळी करून आलो. वर भुसा टाकला.

कोंबड्या धुण्याच्या खोलीत आहेत. वॉशिंग मशीनवर. विल्मा माझ्याशी बोलत नाही, कोंबड्यांशी बोलते.

दुपारी टॅम्सिनचा फोन आला. म्हणाली, विल्माच्या कोंबड्या आमच्यामुळे उघड्यावर पडल्या. रविवारी आठदहा जण येतो, एका रविवारात खुराडं उभं राहील.

मी 'बरं' म्हटलं.